आडवं-उभं जुळलं तरच खरं



आज आम्ही बोलणार आहोत वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याबद्दल. ऐकून काहीजणींना हसू आलं असेल. जनावरं, शेत, चूल, मुलांची शाळा, त्यात गटाचा हप्ता. एवढ्यात कोडी सोडवायला वेळ कुणाला? खरं सांगायचं तर आम्हीही असंच म्हणत होतो. पण गेली दोन वर्षं आमच्या गटात दर गुरुवारी वसुली झाली की वीस मिनिटं कोडं होतं, आणि त्या वीस मिनिटांनी आम्हाला जे शिकवलं ते तुमच्याही उपयोगी पडेल असं वाटतं.

सुरुवात झाली ती एका पुरचुंडीपासून. बैठकीची वेळ दोनची, पण सगळ्याजणी जमेपर्यंत पावणेतीन होतात, हे तुमच्याकडेही तसंच असणार. एकदा एका वहिनींनी कागदात बांधून शेंगदाण्याचे लाडू आणले. लाडू संपले, कागद राहिला. त्यावर रिकामं शब्दकोडं होतं. आम्ही सहज एक ओळ मोठ्याने वाचली, "जुवाला असणारी काठी, तीन अक्षरं." आमचं बी.ए.पर्यंतचं शिक्षण इथे काही कामी आलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या मोठ्या आक्का सहीपुरतंच लिहितात. त्या म्हणाल्या, "आगं, शिवळ! बैलाची मान जुवातनं भायेर पडू नये म्हणून घालत्यात ती."

शि-व-ळ. तीन चौकटी, तीन अक्षरं. बरोबर बसलं. त्या दिवशी आक्कांनी स्वतःच्या हाताने ती तीन अक्षरं चौकटीत लिहिली. साक्षरता वर्गात शिकलेलं 'ळ' त्यांनी कैक वर्षांनी काढलं असेल. पुढच्या गुरुवारी त्या दोन वाजताच हजर होत्या.

कोडं असतं कसं?

ज्यांनी कधी सोडवलं नाही त्यांच्यासाठी आधी हे सांगतो. शब्दकोडं म्हणजे चौकटींचा एक तक्ता. काही चौकटी पांढऱ्या, काही काळ्या. पांढऱ्या चौकटीत अक्षर लिहायचं, काळी सोडून द्यायची. खाली दोन याद्या असतात, आडवे शब्द आणि उभे शब्द. प्रत्येक शब्दासाठी एक ओळ दिलेली असते, तिच्यावरून शब्द ओळखायचा. पुस्तकात त्या ओळीला शोधसूत्र म्हणतात. आमच्या गटात तिला आम्ही 'खूण' म्हणतो. खुणेपुढे कंसात आकडा असतो, तो शब्दाला किती चौकटी आहेत ते सांगतो.

मराठीत एका चौकटीत एक पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षर असलं तरी चौकट एकच. म्हणून 'ज्वारी'ला दोन चौकटी, ज्वा आणि री. 'हप्ता'लाही दोनच, ह आणि प्ता. 'भाकरी'ला तीन, 'पंचायत'ला चार. सुरुवातीला आमच्याकडे 'ज्वारी' तीन चौकटींत लिहायची धडपड चालायची. अक्षरं बोटांवर मोजायची सवय लागली की हे सोपं होतं.

आडवा शब्द आणि उभा शब्द जिथे एकमेकांना भेटतात, तिथली चौकट दोघांची असते. त्या चौकटीतलं अक्षर दोन्ही शब्दांना चाललं पाहिजे. कोड्याचा सगळा जीव या भेटीच्या चौकटीत आहे. एकटा शब्द बरोबर वाटतो, पण आडवं-उभं जुळलं तरच तो खरा.

पाच शब्दांचं कोडं

आता एक लहानसं कोडं आपण मिळून सोडवू. आमच्या गटानेच ते तयार केलंय. वही आणि पेन्सिल घ्या. पेन नको, कारण खोडायला लागणार आहे. तीन उभ्या रांगा आणि पाच आडव्या ओळी, अशा पंधरा चौकटी आखा. दुसऱ्या ओळीतली पहिली चौकट पांढरी ठेवून पुढच्या दोन काळ्या करा. चौथ्या ओळीतल्या पहिल्या दोन काळ्या करा, शेवटची पांढरी राहू द्या. बाकी सगळ्या पांढऱ्या. अशा अकरा पांढऱ्या आणि चार काळ्या चौकटी झाल्या.

आता आकडे घाला. पहिल्या ओळीतल्या पहिल्या चौकटीत १, तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या चौकटीत २, त्याच ओळीतल्या शेवटच्या चौकटीत ३ आणि पाचव्या ओळीतल्या पहिल्या चौकटीत ४.

खुणा अशा आहेत.
आडवे शब्द : १) पेरणीचे अवजार (३) २) कमळ (३) ४) चुलीत घालतात ते (३)
उभे शब्द : १) मृगात हा पडला की पेरणीची घाई सुरू होते (३) ३) सातबाऱ्यावर जिची नोंद असते ती (३)

पहिली खूण, पेरणीचं अवजार. आमच्या भागातल्या बायका पटकन म्हणतात 'कुरी'. पण कुरी दोन अक्षरांची, चौकटी तीन. मराठवाड्यातून लग्न होऊन आलेली सून म्हणते 'तिफण'. नगर-पुण्याकडची म्हणते 'पाभर'. दोन्ही तीन अक्षरी. आता भांडायचं का? नाही. पेन्सिल खाली ठेवायची आणि उभा शब्द बघायचा.

उभी १ ची खूण, मृगात हा पडला की पेरणीची घाई. हे तर लहान पोरगंही सांगेल, पाऊस. पा-ऊ-स. म्हणजे पहिली चौकट 'पा'ची. तिफण गेली, पाभर राहिली. तिफण हा शब्द चुकीचा नव्हता, या जागेला तो जुळत नव्हता एवढंच. गटात वाद झाला की आम्ही आता हेच म्हणतो, "तुझं चूक नाही गं, पण इथं बसत नाही."

पाऊस लिहिल्यावर तिसऱ्या ओळीची पहिली चौकट 'स' झाली. तिथली खूण कमळ. मराठीत कमळाला किती नावं! पंकज, नीरज, जलज, अंबुज, सरोज. सगळी तीन अक्षरी, आणि सगळ्यांचं शेवटचं अक्षर 'ज'. 'ज' म्हणजे जन्मलेलं. पंक म्हणजे चिखल, त्यात जन्मलं ते पंकज. नीर, जल, अंबू म्हणजे पाणी. सर म्हणजे तळं. तेव्हा शेवटचा 'ज' कळून काही फायदा नाही, पहिलं अक्षर कळायला हवं. ते पावसाने आपल्याला दिलंय. स, म्हणून सरोज.

सरोजच्या 'ज'पासून खाली उभा ३. सातबाऱ्यावर जिची नोंद असते ती. शेत म्हणावं तर दोनच अक्षरं. ज-मी-न, जमीन. हा शब्द लिहिताना आमच्या एक वहिनी म्हणाल्या होत्या, "चला, चौकटीत तरी जमीन माझ्या हातानं लिवली." सगळ्या हसल्या. मग कुणीतरी विचारलं, आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? चौदा जणींत तिघींचं होतं. त्या दिवशी कोडं अर्धंच राहिलं, पण पुढच्या बैठकीला आम्ही सगळ्यांचे उतारे आणायला सांगितले.

शेवटचा शब्द. चुलीत घालतात ते. आपण म्हणतो जळण, ज-ळ-ण, तीन अक्षरं. पण जमिनीचं शेवटचं अक्षर 'न' आहे, 'ण' नाही. बाणातला आणि नळातला फरक इथे कामी येतो. मग 'न'वर संपणारा शब्द शोधा. इं-ध-न, इंधन. झालं कोडं पूर्ण!

कोडं काढणाऱ्याचीही परीक्षा

सुरुवातीचे काही महिने उत्तर जुळलं नाही की आम्हाला वाटायचं, आपणच अडाणी. वर्तमानपत्रात छापलंय म्हणजे ते बरोबरच असणार. हळूहळू लक्षात आलं की कोडं काढणाराही माणूसच असतो आणि त्याच्याही चुका होतात. आता कोडं सोडवून झालं की आम्ही कोड्यालाच गुण देतो. ते देताना काय बघतो, ते सांगतो.

पहिली गोष्ट, खुणेवरून उत्तर एकच निघतं का? "महाराष्ट्रातील एक नदी (२)" अशी खूण असली तर भीमा, नीरा, सीना, तापी, पूर्णा, वर्धा, काहीही चालेल. भेटीच्या चौकटी भरपूर असतील तर ठीक, नाहीतर तो नुसता अंदाज झाला. त्याऐवजी "जिच्यावर उजनी धरण आहे ती नदी" असं म्हटलं की भीमा पक्की. ज्या शब्दाला भेटीच्या चौकटी कमी, त्याची खूण जास्त नेमकी हवी. आपल्या मघाच्या कोड्यात अकरापैकी फक्त चार चौकटी भेटीच्या होत्या. म्हणून 'पेरणीचे अवजार' ही आमची खूण आम्हाला स्वतःलाच थोडी ढिली वाटते. पहिलं अक्षर पावसाने दिलं नसतं तर आपण अडकलो असतो.

दुसरी गोष्ट, खूण आणि उत्तर एकाच जातीचं आहे का? खूण दिली 'फुले' आणि उत्तर छापलं 'सुमन'. सुमन म्हणजे एक फूल. अनेकांची खूण देऊन एकाचं उत्तर मागणं म्हणजे पोत्याची पावती देऊन शेर मोजण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट, ऱ्हस्व-दीर्घ. एकदा आडव्या शब्दाची खूण होती 'सूर्य (२)', उत्तर रवी. त्याच 'वी'पासून खाली उभा शब्द होता विहीर. आता रवीतला 'वी' दीर्घ आणि विहिरीतला 'वि' ऱ्हस्व. एका चौकटीत दोन वेलांट्या कशा घालायच्या? १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे रवी, कवी हे शब्द एकटे लिहिताना शेवट दीर्घ असतो, पण रविवार, कविसंमेलन यांत तो ऱ्हस्व होतो. कोडं काढणाऱ्याने 'रवि' धरलं होतं. चूक त्याची. पण ती शोधताना नियम आमच्या पक्का डोक्यात बसला. पूर्वी प्रोसिडिंग लिहिताना 'रवीवार' व्हायचा, तो बंद झाला.

चौथी गोष्ट, शब्द कुणाचे? कोड्यात काही शब्द सारखे भेटतात. पक्षी म्हणजे खग, डोंगर म्हणजे नग, आवाज म्हणजे रव, घोडा म्हणजे वारू. हे शब्द आपण बोलण्यात वापरत नाही, पण दोन अक्षरी असल्याने मोकळ्या जागेत पटकन बसतात, म्हणून पुन्हा पुन्हा येतात. आम्ही त्यांची वेगळी यादी वहीत केली आहे, त्यामुळे कोडं निम्मं सोपं होतं. आमची तक्रार त्या शब्दांबद्दल नाही. खग आला की शिवळही यावी, रव आला की ताक घुसळायची रवीही यावी, एवढंच मागणं आहे. भाषा तर आपलीही आहे.

एका मुलीने वाचकांची तक्रार ऐकली

तक्रार करून काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट.

शब्दकोडं हा खेळ शंभरावर वर्षांचा आहे. २१ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेतल्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन नावाच्या पत्रकाराने पहिलं कोडं छापलं. ते पतंगाच्या आकाराचं होतं. लोकांना ते फार आवडलं. पण छापताना त्यात चुका खूप राहायच्या. कुठे आकडा गळालेला, कुठे खूणच चुकलेली.

१९२१ साली त्या कचेरीत मार्गारेट पेथरब्रिज नावाची तरुण मुलगी चिटणीस म्हणून लागली. कोड्याचं काम कुणालाच नको होतं, ते तिच्या गळ्यात पडलं. तिला कोड्यांची आवड नव्हती. वाचकांच्या रागाच्या चिठ्ठ्या यायच्या, तिकडे ती फारसं लक्ष द्यायची नाही. पुढे फ्रँकलिन पी. अ‍ॅडम्स नावाचे एक नामवंत स्तंभलेखक तिच्याच खोलीत बसायला आले. ते स्वतः कोडी सोडवायचे आणि छापलेल्या कोड्यातल्या चुका तिला दाखवायचे. शेवटी वैतागून ती स्वतः एक कोडं सोडवायला बसली, तेव्हा तिला कळलं की चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांचं खरं होतं. तिने ठरवलं, यापुढे प्रत्येक कोडं स्वतः सोडवून बघितल्याशिवाय छापायला द्यायचं नाही.

१९२४ साली शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं, त्याच्या तीन संपादकांत ती होती. १९४२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने कोडं सुरू केलं तेव्हा तीच त्याची पहिली कोडे-संपादक झाली आणि १९६९ पर्यंत तिने ते काम केलं. लग्नानंतर ती मार्गारेट फरार या नावाने ओळखली गेली. चांगल्या कोड्याचे पुष्कळसे नियम तिने घालून दिले. पण त्याची सुरुवात झाली ती चुका दाखवणाऱ्या वाचकांपासून, हे आम्ही विसरत नाही.

अक्षरं बरोबर, खूण चूक

आता आमच्या गटाची गोष्ट. मागच्या वर्षी एका गुरुवारी कोड्यात खूण आली, "कपाळ पांढरे झालेली अभागी स्त्री (३)". वाचणारी सून मध्येच थांबली. आमच्या गटात चौघीजणींचे मालक हयात नाहीत. कुणी कुणाकडे बघेना.

आमच्या एक मावशी आहेत. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे मालक वारले. गटाच्या कर्जातून त्यांनी पिठाची गिरणी घातली, दोन्ही मुलांची शिक्षणं केली. त्यांनीच पेन्सिल घेतली आणि लिहिलं, वि-ध-वा. मग भेटीची अक्षरं बघून म्हणाल्या, "अक्षरं बरोबर हायती. पण 'अभागी' कुणी ठरवलं? ह्यानं माझी गिरणी बघितलीय का?"

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट समजली. उत्तर बरोबर असतानाही खूण चुकीची असू शकते. 'विधवा' हा शब्द कोशात आहे, तो कोड्यात यायला हरकत नाही. पण 'अभागी' हा शब्दाचा अर्थ नव्हे, ते कोडं काढणाऱ्याचं मत आहे. आणि कोड्यात मत हळूच आत शिरतं, कारण चौकट भरायच्या नादात आपण त्याला हो म्हणून जातो. स्वयंपाक म्हटलं की उत्तर बाई, शेतकरी म्हटलं की उत्तर पुरुष, कजाग म्हटलं की उत्तर सासू. एकदा बघायला लागलं की दिसायला लागतं.

आम्ही त्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. गटाच्या लेटरहेडवर, सगळ्यांच्या सह्यांनिशी. त्यात चिडचिड केली नाही. आम्ही रोज कोडं सोडवतो, ते आम्हाला आवडतं, हे आधी लिहिलं. मग तारीख आणि शब्दाचा क्रमांक दिला, हरकत काय ती दोन ओळींत सांगितली आणि दुसरी खूण सुचवली, "पती हयात नसलेली स्त्री". शेवटी आठवण करून दिली की मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं थांबवलं. त्यानंतर शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. गाव बदलतंय, तर कोड्यानेही बदलावं, असं लिहिलं.

पत्र छापून आलं नाही. उत्तरही आलं नाही. आम्ही थोडं नाराज झालो. पण चार महिन्यांनी तोच शब्द पुन्हा आला आणि या वेळी खूण होती, "पती हयात नसलेली". आमच्या पत्रामुळेच हे झालं असं आम्ही म्हणणार नाही. मावशींनी मात्र तो कागद कापून गिरणीत भिंतीला चिकटवला आहे.

बक्षिसाच्या कोड्यापासून सावध

आता सगळ्यांत महत्त्वाचं. शब्दकोडं सोडवा आणि बक्षीस मिळवा, अशा जाहिराती आपण बघतो. या विषयाला जुना इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात आपल्या देशात बक्षिसाच्या शब्दकोड्यांचं मोठं वेड होतं. लोक फी भरून कुपनं पाठवायचे. खेळ असा असायचा की एकाच जागी दोन शब्द सारखेच बसायचे आणि त्यातला 'खरा' कोणता ते आधीच बंद पाकिटात ठरवलेलं असायचं. म्हणजे डोकं चालवून उपयोग नाही, नशीबच लागायचं.

म्हणून १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. त्यात शब्दकोड्याचं नाव घेऊनच सांगितलं आहे. महिन्याला एकूण १,००० रुपयांपेक्षा जास्त बक्षीस ठेवायचं नाही, एका स्पर्धेत २,००० पेक्षा जास्त प्रवेशिका घ्यायच्या नाहीत, आणि त्याहून लहान स्पर्धेलाही परवाना हवा. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांसाठी आहे, कारण तो जुगार आहे आणि जुगार हा काही व्यापार नव्हे. कौशल्याच्या स्पर्धांना तो लागू नाही.

पण कायदा असला तरी फसवणारे थांबत नाहीत. आमच्या गटातल्या एका तरुण सुनेला वर्तमानपत्रातून आलेलं एक पत्रक मिळालं. चार शब्दांचं कोडं. "फळांचा राजा (२)" अशा खुणा. उत्तरं लिहून फोटो मोबाईलवर पाठवायचा होता. तिने पाठवला. दोन दिवसांनी फोन आला, ताई, तुम्हाला शिलाई मशीन लागलं, नोंदणीचे १,८०० रुपये भरा. तिने भरले. मग वाहतुकीचे २,२०० मागितले, तेही भरले. त्यानंतर फोन बंद. चार हजार रुपये गेले, तेही गटाकडून शिलाईसाठी उचललेल्या कर्जातले. लाजेपोटी तिने दोन महिने घरात कुणाला सांगितलं नाही आणि बैठकीलाही येईना. आम्ही घरी गेलो तेव्हा रडत रडत सगळं बोलली.

तिला आम्ही रागावलो नाही. ते पत्रक घेऊन सगळ्या मिळून बसलो, जसं कोड्याला बसतो तसं. मग दिसलं की त्या चार शब्दांतला एकही शब्द दुसऱ्याला भेटत नव्हता. सगळे सुटे. पत्रकावर छापणाऱ्याचा पत्ता नाही, परवान्याचा उल्लेख नाही. आणि बक्षीस देणाराच पैसे मागतोय, हे आडवं-उभं कुठेच जुळत नाही. आम्ही तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो, तक्रार दिली. पैसे परत मिळाले नाहीत, कारण उशीर झाला होता. म्हणून लक्षात ठेवा, मोबाईलवरून असे पैसे गेले तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन करायचा. आणि लाजायचं नाही. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे.

गटाच्या वहीत

तुम्ही गटाची वही लिहिता तेव्हा प्रत्येक सभासदाची एक आडवी ओळ असते. बचत, मुद्दल, व्याज, दंड असे उभे रकाने असतात. ओळींची बेरीज आणि रकान्यांची बेरीज शेवटच्या चौकटीत एकच यायला हवी. पूर्वी आमच्याकडे ही बेरीज एकटी सचिव करायची आणि बाकीच्या सह्या करून मोकळ्या व्हायच्या. आता मोठ्या आक्काच विचारतात, "आडवं-उभं जुळलं का गं?"

एकदा आडवी बेरीज ४,३७० आली आणि उभी ४,३२०. पन्नास रुपयांचा फरक. पूर्वी म्हटलं असतं, जाऊ दे, खिशातून घालू. त्या दिवशी कुणी उठलं नाही. शोधलं तर एका वहिनींचा ५० रुपयांचा दंड ओळीच्या बेरजेत धरला होता, पण दंडाच्या रकान्यात लिहायचा राहिला होता. दहा मिनिटांत सापडलं. कुणावर संशय घ्यायची वेळ आली नाही.

तुमच्या गटात सुरू करायचं असेल तर एवढंच करा. कुणाच्याही घरचं कालचं-परवाचं वर्तमानपत्र चालेल, मात्र दुसऱ्या दिवशीचा अंकही जपून ठेवा, कारण उत्तर त्यात असतं. एकीने खुणा वाचायच्या, पण वाचणारीने उत्तर सांगायचं नाही. जिला लिहायची सवय कमी, तिच्या हातात पेन्सिल द्यायची. नवा शब्द आला की वहीत लिहायचा. उत्तर बघितल्यावर चूक आपली निघाली तर खोडायची आणि कोड्याची निघाली तर लिहून पाठवायची.

आणि पाच शब्दांचं एक कोडं तुम्हीही तयार करा. तुमच्या भागातले शब्द घाला, आम्हाला न येणारे. आमच्या आक्का वाट बघतायत.